जिफ फुटते कुठे, अडखळते कुठे? वाचकांचे प्रश्न

हलती चित्रं म्हणजे जिफ बनवण्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात: चित्र फुटतं आणि हालचाल अडखळते. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. जिफची निम्मी प्रत कॅमेऱ्यापुढे काय ठेवलं आणि कॅमेरा कसा ठेवला यावरच ठरते. म्हणून उत्तरांत सॉफ्टवेअरइतकंच कापड, विटा आणि सावलीबद्दलही लिहिलं आहे.

प्रश्न : शेतीशाळेत गुलाबी बोंडअळी दाखवायची आहे. कपाशीच्या वावरात बोंड फोडून फोनवर व्हिडिओ घेतला. व्हिडिओत अळी स्पष्ट दिसते. जिफ केली की पानांवर ठिपके ठिपके येतात, आभाळात पट्टे पडतात आणि अळी गुलाबी न दिसता मातकट दिसते. दोन-तीन ॲप बदलून पाहिले, फरक नाही.
(कृषिमित्र, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

दादा, ॲपचा दोष नाही. जिफ हा प्रकार १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने आणला आणि एका रंगपेटीत जास्तीत जास्त २५६ रंग ही त्याची मर्यादा आजही तशीच आहे. तुमच्या व्हिडिओत नुसत्या हिरव्याच्याच शेकडो छटा असतात. रंगपेटी भरताना सॉफ्टवेअर बघतं की कोणत्या रंगाने किती जागा व्यापली आहे. पानं, आभाळ आणि माती यांची जागा मोठी, म्हणून बहुतेक खाने त्यांना जातात. अळी चित्राच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी. तिच्या गुलाबीला खाना उरतच नाही, मग जवळचा म्हणून मातीचा रंग तिला लावला जातो. नेमकी जी गोष्ट दाखवायची, तिचाच रंग जातो.

यावरचा उपाय वावरातच करायचा. बोंड तोडून धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत या. काळं किंवा गडद निळं, बिनछपाईचं, न चमकणारं सुती कापड ताणून अंथरा आणि बोंड त्यावर ठेवा. दुपारच्या उन्हात पांढरा कापूस जळाल्यासारखा सपाट दिसतो आणि अळीच्या अंगावरच्या वळ्या दिसेनाशा होतात, म्हणून सावली हवी. फोन दोन विटांच्या आधाराने पक्का टेकवा. बोटांनी झूम करू नका. फोनच जवळ न्या, फोकस सुटला की जरासा मागे घ्या. बोंडाने चित्राचा दोन तृतीयांश भाग भरला पाहिजे. मग फोनच्या पडद्यावर अळी दिसते तिथे बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये तेवढ्याने फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. आता तीन सेकंद पुरे. अळी हलते, बाकी सगळं स्थिर, आणि मागे एकच गडद रंग. २५६ खाने आता बोंड आणि अळीच्या वाट्याला येतात.

आता ठिपक्यांबद्दल. रंग कमी पडले की सॉफ्टवेअर दोन रंगांचे ठिपके शेजारी मांडून तिसऱ्याचा भास करतं. याला डिदरिंग म्हणतात. ते बंद केलं तर आभाळात तुम्हाला दिसले तसे पट्टे येतात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत निवडली तर एका फोटोत ती देखणी दिसते, पण प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे हालचालीतल्या एकेका चित्रात, ठिपक्यांची जागा बदलते आणि चित्रावर मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. तुमच्या पानांवर तेच झालं आहे. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पोझिशन्ड’ नावाचा पर्याय आहे. त्यात ठिपक्यांची नक्षी जागची हलत नाही. हलत्या चित्रासाठी तोच घ्यावा.

क्रम असा ठेवा. इझीजिफ या संकेतस्थळावर व्हिडिओच्या फ्रेमी पीएनजी चित्रं म्हणून वेगळ्या करून मिळतात. त्या गिम्पमध्ये ‘ओपन ॲज लेयर्स’ने उघडा (प्रत्येक फ्रेमचा एक लेयर, म्हणजे एकावर एक रचलेला थर होतो), बोंडाभोवती क्रॉप करा, रुंदी ४८० पिक्सेलवर आणा. मग ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ या वाटेने जाऊन रंग २५५ आणि डिदरिंग पोझिशन्ड ठेवा. कापड नीट असेल तर एकदा १२८ रंगांवर डिदरिंग न लावताही करून बघा. पुष्कळदा तीच जास्त स्वच्छ निघते आणि हलकीही. ठिपके जितके जास्त तितकी फाइल जड, कारण जिफ एका ओळीत सलग येणारे सारखे रंग एकत्र बांधून जागा वाचवते आणि ठिपके ती सलगता मोडतात.

प्रश्न : फवारणी पंपाची दुरुस्ती शिकवायला दांडा वर-खाली होतानाची जिफ केली. दांडा झटके खात चालतो. गुळगुळीत व्हावा म्हणून ॲपमध्ये फ्रेम रेट ६० केला तर उलट फारच हळू चालायला लागला. दर फेरीला एक धक्काही बसतो.
(पंप दुरुस्ती करणारे, ता. रिसोड, जि. वाशिम)

जिफमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबावी हे सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिलेलं असतं आणि तो आकडा पूर्णच लागतो. अडीच किंवा पावणेसात चालत नाही. ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १.६७ भाग येतात. ॲपने ते १ धरले की ब्राउझर त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. ० किंवा १ दिसलं की तो सरळ १० धरतो. मग एका सेकंदाचं काम सहा सेकंद चालतं. तुमच्या पंपाचं तेच झालं.

जिफसाठी चालणारे आकडे हे: २ भाग म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमी, ४ म्हणजे २५, ५ म्हणजे २०, ८ म्हणजे साडेबारा, १० म्हणजे १०. फोन बहुधा ३० फ्रेमी घेतो आणि ३० या यादीत बसतच नाही. ३ भाग धरले तर ३३ होतात, पंप जरा घाईत चालतो. तुमच्या कामाला आमची पसंती अशी: एक सोडून एक फ्रेम घ्या आणि प्रत्येकीला ७ भाग द्या. वेग मूळच्यापेक्षा पाचेक टक्के कमी होतो, तो डोळ्याला कळत नाही, आणि सगळ्या फ्रेमी सारख्या अंतराने येतात. झटका कमी फ्रेमींपेक्षा असमान अंतराने जास्त जाणवतो. एक फ्रेम ६ आणि पुढची ९ अशी गेली की दांडा लंगडतो.

आणखी एक कारण दुकानातल्या उजेडात असू शकतं. अंधाऱ्या जागी बरेच फोन आपणहून फ्रेमी कमी करतात, कधी ३० तर कधी २०, आणि व्हिडिओतच अंतर वेडंवाकडं होतं. पंप दारापाशी, दिवसाच्या उजेडात घ्या. ट्यूब किंवा एलईडीखालीच घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि ते न जुळल्यास चित्रावर आडवे पट्टे सरकतात.

फेरीच्या धक्क्याबद्दल. दांडा अगदी वर असतानाची फ्रेम धरा आणि तो पुन्हा तिथेच येईपर्यंत मोजा. समजा १९वी फ्रेम पहिलीसारखीच आहे. मग १९वी काढून टाका आणि १८ ठेवा. ती ठेवली की एकच चित्र दोनदा दिसतं आणि तोच तो धक्का. दांडा चालवताना हात सावकाश आणि एका लयीत ठेवा, एका फेरीला दीड सेकंद घ्या. काही जण अर्धीच फेरी घेऊन ती उलटी जोडतात. दांड्याला हे चालेल. १२ फ्रेमी असतील तर उलट्या येताना पहिली आणि शेवटची पुन्हा घेऊ नका, म्हणजे एकूण २२ होतील. पण नोझलमधून फवारा उडताना दाखवणार असाल तर हे करू नका. पाणी परत नोझलमध्ये शिरताना दिसेल.

प्रश्न : जिफ एकदाच चालून थांबते.
(विद्यार्थी, ता. मूल, जि. चंद्रपूर)

गिम्पमधून एक्स्पोर्ट करताना ‘ॲज ॲनिमेशन’ आणि ‘लूप फॉरएव्हर’ या दोन्ही चौकटींत खूण करा. पुन्हा पुन्हा फिरण्याची सूचना फाइलमध्ये वेगळी लिहावी लागते. ती नसली की जिफ एका फेरीत थांबते.

प्रश्न : आमच्या निवासी आश्रमशाळेत मुलांसोबत हरभऱ्याचं बी रुजतानाचे फोटो काढून जिफ करायची आहे. मागच्या वेळी केलेली सारखी लुकलुकत होती, बीही इकडे-तिकडे उड्या मारत होतं. फोटो संगणकावर उघडले तर संगणकच बंद पडल्यासारखा झाला. वीज तर कधीही जाते.
(शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती)

ताई, हा विषय जिफसाठीच जन्मल्यासारखा आहे. व्हिडिओपेक्षा एकेक फोटो काढून केलेली जिफ जास्त धारदार निघते, कारण फोटोत हालचालीचा धूसरपणा नसतो.

लुकलुक उजेडाची आहे. सकाळचा पिवळा उजेड, दुपारचा पांढरा, संध्याकाळचा कमी. शिवाय फोन दर वेळी आपल्या मनाने उजेड ठरवतो. एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. आतून पांढरा कागद लावा, पुढच्या बाजूला फोनच्या कॅमेऱ्यापुरतं भोक, वरून टॉर्चपुरतं दुसरं भोक. टॉर्चच्या भोकावर पातळ पांढरा कागद चिकटवला की सावल्या मऊ पडतात. आत बाहेरचा उजेड शिरता कामा नये. टॉर्च फक्त फोटोपुरती लावायची असल्याने वीज गेली तरी काम अडत नाही. मात्र ती चार्ज केलेली ठेवा, उतरलेल्या बॅटरीचा उजेड मंद होत जातो.

काचेच्या सरळ उभ्या ग्लासात ओला टीपकागद आतून चिकटवा आणि भिजवलेला हरभरा काच व कागद यांच्यामध्ये ठेवा. कागदाच्या मागे काळा कागद लावा. मोड पांढरा, पाठीमागे काळं, म्हणजे मुळावरची बारीक लवसुद्धा दिसते. ग्लासाच्या तळाभोवती आणि फोनच्या चारही बाजूंनी चिकटपट्टीच्या खुणा करा. पाणी ओतू नका, सुई काढलेल्या सिरिंजने कागदावर थेंब थेंब सोडा. ओतलं की बी सरकतं. मागच्या वेळच्या उड्यांचं कारण बहुतेक हेच असावं. फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये फोकस, उजेड ठरवणारे आयएसओ व शटर आणि रंगाची झाक ठरवणारा व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून तेच आकडे फळ्यावर लिहून ठेवा. फोकस बदलला तर चित्राचा आकारही किंचित बदलतो आणि ग्लास श्वास घेतल्यासारखा दिसतो.

दर तासाला एक फोटो, तीन दिवस, म्हणजे ७२ फोटो. रात्रीची अडचण आहेच. फोटो राहिले तर सकाळी मूळ एकदम लांबलेलं दिसतं आणि तेवढी उडी कोणत्याही सॉफ्टवेअरने बुजत नाही. ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं ॲप आणि चार्जरवर ठेवलेला जुना फोन, हा त्यावरचा मार्ग. त्यासाठी मात्र रात्रभर टॉर्च पेटती ठेवावी लागेल. तसं जमत नसेल तर मुलांच्या पाळ्या लावून रात्री दहापर्यंत आणि पहाटे पाचपासून फोटो घ्या. मधली उडी लहान राहते.

संगणक अडकला तो फोटोंच्या आकारामुळे. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो गिम्पमध्ये उघडला की सुमारे ४८ एमबी मेमरी घेतो. ७२ फोटो म्हणजे साडेतीन जीबीच्या आसपास. आधी सगळे फोटो ४८० बाय ३६० पिक्सेल करून घ्या. फाइलींची नावं ००१, ००२ अशी तीन आकडी ठेवा. १, २, १० अशी ठेवली तर १० हा २च्या आधी येतो आणि रोप मागे-पुढे होतं. मग ‘ओपन ॲज लेयर्स’ करा. सगळ्यात खालचा लेयर आधी दिसतो हे लक्षात असू द्या.

एक्स्पोर्ट करताना फ्रेममधला वेळ ६० मिलिसेकंद ठेवा. ७२ फोटो सव्वाचार सेकंदांत संपतात. शेवटचा फोटो दीड सेकंद थांबायला हवा, मुलांना मूळ नीट बघता आलं पाहिजे. त्याची सोय एक्स्पोर्टच्याच चौकटीत आहे: ज्या लेयरच्या नावात वेळ लिहिलेली नाही त्यालाच ६० लागतात. म्हणून शेवटच्या लेयरच्या नावात कंसासकट, इंग्रजी आकड्यांत ‘(1500ms)’ असं लिहून ठेवा.

प्रश्न : दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिराती करतो. पोस्टर संगणकावर छान दिसतं. जिफ करून व्हॉट्सॲपवर टाकली की अक्षरं फुटतात, अनुस्वार आणि रफार तर गायबच. लाल अक्षरं निळ्यावर घेतली होती.
(जाहिरात करणारे, वडसा, जि. गडचिरोली)

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली अक्षरांच्या आकाराची. मोठ्या पोस्टरवर अक्षरं टाकून नंतर सगळं ४८० पिक्सेलवर आणलं की शिरोरेखा एका पिक्सेलची उरते आणि अनुस्वार जवळच्या रंगात मिसळतो. ‘गर्व’ लिहावं आणि ‘गव’ वाचलं जावं, असं होतं. आधी चित्र शेवटच्या आकाराला आणा, अक्षरं त्यानंतर टाका. ४८० रुंदीत अक्षराची उंची ३० पिक्सेलच्या खाली नको, शिरोरेखा निदान ३ पिक्सेल, अनुस्वार ४-५ पिक्सेल. ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ या मोफत युनिकोड फॉन्टचे जाड प्रकार या कामाला चांगले. बारीक टोकांचे कलमी फॉन्ट कागदावर शोभतात, इथे नाही. अक्षरांच्या फ्रेमीला डिदरिंग लावू नका.

अक्षरं बाजूने सरकवत आणण्याचा मोहही टाळा. सरकताना कडा अर्ध्या पिक्सेलवर येतात आणि थरथरतात. नाटकाचं नाव दोन-तीन फ्रेमींत जागेवरच उमटू द्या आणि मग थांबवा. किती वेळ? सावकाश मोठ्याने एकदा वाचा, त्याच्या दीडपट. तारीख आणि गाव यांना तर त्याहून जास्त द्या, लोक तेच टिपून घेतात.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. गॅलरीतून पाठवलेली जिफ तिथे बिनआवाजाच्या व्हिडिओत बदलते आणि त्यात पुन्हा दाबली जाते. अशा व्हिडिओत उजेड-काळोखाचा तपशील पूर्ण ठेवतात, रंगाचा मात्र आडवा-उभा निम्माच. लाल आणि निळा दोन्ही उजेडाने गडदच, फरक मुख्यतः रंगाचा. तोच निम्मा झाल्यावर कडा पसरतात. काळ्यावर पिवळं किंवा गडद तांबड्यावर पांढरं घ्या. कडा टिकतील, कारण तिथे उजेडाचा फरक आहे.

आणि स्पष्टच सांगायचं तर जाहिरात फक्त व्हॉट्सॲपवरच जाणार असेल तर जिफ करूच नका. २५६ रंगांचं नुकसान आधी सोसायचं आणि वर व्हिडिओचं पुन्हा, यात पोस्टरची दोनदा हानी होते. मूळ चित्रांवरून थेट सहा-सात सेकंदांचा एमपी-फोर बनवा. जिफच जशीच्या तशी पोचवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : पोळ्याच्या शुभेच्छांसाठी बंडी आणि बैलजोडी स्वतः काढली. चाकाला बारा आरे आहेत. चाक फिरवलं की कधी उलटं फिरताना दिसतं, कधी जागेवर थरथरतं. बैलांभोवती पांढरी किनार येते आणि मान हलली की आधीची मान मागे राहते.
(विद्यार्थिनी, ता. देवळी, जि. वर्धा)

बारा आरे म्हणजे दोन आऱ्यांमध्ये ३० अंश. प्रत्येक फ्रेमला चाक ३० अंश फिरवलं तर दुसरा आरा बरोबर पहिल्याच्या जागी येतो आणि चाक थांबल्यासारखं दिसतं. १५ अंश फिरवलं तर पुढे गेलं की मागे हे डोळ्याला ठरवता येत नाही. १५च्या वर, समजा २५ फिरवलं, तर डोळा ते ५ अंश मागे गेलं असं धरतो. म्हणून १५च्या बऱ्याच खाली राहा. ६ अंश घेतले तर पाच फ्रेमींत ३० अंश पूर्ण होतात आणि सहावी पहिलीसारखीच असते. म्हणजे तुम्हाला फक्त पाच फ्रेमी काढायच्या आहेत! प्रत्येकीला ४ किंवा ५ भाग द्या. सगळे आरे मात्र हुबेहूब सारखे हवेत. एका आऱ्यावर फुलं बांधली किंवा लोखंडी धावेवर एक डाग काढला तर पूर्ण फेरीच्या ६० फ्रेमी लागतील.

पांढरी किनार येते कारण जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण पारदर्शक असतो, अर्धपारदर्शक काही नसतं. ब्रशने काढलेल्या रेषेच्या कडा मऊ असतात, त्या पांढऱ्यात मिसळून पक्क्या होतात. बैल ‘पेन्सिल’ साधनाने काढा, त्याची कड कोरीव येते. आधीच ब्रशने काढला असेल तर ‘लेयर’, ‘ट्रान्स्परन्सी’मधलं ‘थ्रेशोल्ड अल्फा’ वापरा. याहून सोपं म्हणजे पारदर्शकता सोडून द्या आणि मागे हिरवं वावर नाहीतर भगवं आभाळ रंगवा. शुभेच्छापत्राला तेच शोभेल.

मागे राहिलेली मान: एक्स्पोर्टच्या वेळी ‘क्युम्युलेटिव्ह लेयर्स’ निवडलं गेलं आहे. त्यात नवा लेयर जुन्यावर चढतो आणि पारदर्शक भागातून जुना दिसत राहतो. ‘वन फ्रेम पर लेयर’ निवडा.

बंडी पुढे जाताना दाखवण्यासाठी मागचं शिवार सरकवायचा विचार असेल तर प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेल सरकवा, २ किंवा ३. अडीच सरकवलं तर झाडं लुकलुकतात. फाइलही बरीच जड होईल, कारण सगळं चित्रच दर फ्रेमला बदलतं. शिवार स्थिर, चाक फिरतंय, बैलांच्या माना डुलताहेत आणि शेपटी अधूनमधून हलते, एवढ्यावरही बंडी चाललेली वाटते.

प्रश्न : गावात नेटवर्क कमी. जिफ सहा-सात एमबीची होते, उघडतच नाही. काय कमी करायचं?
(ग्रामपंचायत संगणकचालक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

आधी सेकंद कमी करा. सहाऐवजी तीन सेकंदांत गोष्ट सांगता येते का ते बघा, वजन तिथेच निम्मं होतं. मग रुंदी. १२८० बाय ७२० च्या फ्रेममध्ये ९,२१,६०० पिक्सेल असतात, ४८० बाय २७० च्या फ्रेममध्ये १,२९,६००, म्हणजे सात पटींनी कमी. संगणकावरचा अर्ज कसा भरायचा हे दाखवत असाल तर मात्र रुंदी आकसू नका, अक्षरं वाचता येणार नाहीत. पूर्ण पडद्याऐवजी अर्जाचा जरुरीचा ६०० बाय ४०० चा तुकडा जसाच्या तसा रेकॉर्ड करा. स्क्रीनटूजिफ हे विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअर या कामाला चांगलं आहे. सेकंदाला ८ ते १० फ्रेमी पुरतात आणि एकसारख्या फ्रेमी त्यातूनच काढून टाकता येतात. अर्जात खऱ्या माणसाचा आधार क्रमांक राहिला नाही ना, ते प्रत्येक फ्रेम थांबवून तपासा.

त्यानंतर एक सोडून एक फ्रेम काढा आणि उरलेल्यांचा वेळ दुप्पट करायला विसरू नका. रंग शेवटी कमी करा: २५६ वरून १२८, मग ६४. गिम्पमध्ये ‘फिल्टर्स’, ‘ॲनिमेशन’मधलं ‘ऑप्टिमाइझ फॉर जिफ’ चालवलं की प्रत्येक फ्रेममधला न बदललेला भाग गळतो. कॅमेरा हातात धरून घेतलेल्या व्हिडिओवर त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल थोडा थोडा हललेला असतो. फोन टेकवून घेतलेला असेल तर फाइल पुष्कळ उतरते.